‘आय ॲम गुड’ म्हणला तरी आईनं वाढलंच

प्रश्न : सर, माझा भाऊ अमेरिकेत असतो, त्याचा तिथला एक दोस्त दिवाळीत आमच्याकडं आलता. आईनं सकाळी चुरमुऱ्याची सुशीला केली, त्यानं ताट साफ केलं. आई म्हणली अजून घ्या, तर तो ‘आय ॲम गुड’ म्हणला. मी आईला सांगितलं, चांगली झालीय म्हणायलाय. मग काय, आईनं खूश होऊन अजून वाढली, तो परत तेच म्हणला, आईनं परत वाढली. शेवटी भावानं त्याचं ताट उचललं अन् माझ्याकडं डोळे वटारले. माझं काय चुकलं? (लातूर)

उत्तर : आईचं तर काहीच चुकलं नाही. तुमचं म्हणाल तर शाळेनं आपल्याला ‘हाऊ आर यू’ला ‘आय ॲम फाइन’ एवढंच शिकवलं, त्यामुळं गुड ऐकलं की काहीतरी चांगलंच म्हणतोय असं वाटतं. पण अमेरिकेत काही घ्या म्हणल्यावर ‘आय ॲम गुड’ आलं की त्याचा अर्थ बास, नको आता. सुशीलेबद्दल तो बिचारा चकार शब्द बोलला नव्हता. दुकानात पिशवी देऊ का, हॉटेलात अजून कॉफी ओतू का, सगळ्याला हेच उत्तर, अन् बहुतेक वेळा सोबत तळहात जरासा वर होतो, तुम्ही शब्दाआधी तो हात बघत जा. खरा घोळ तर पुढंच आहे. आपल्याकडं पाहुण्याचं पहिलं ‘नको’ कुणी धरतच नाही, दोनतीनदा आग्रह झाल्याशिवाय पाहुणाही ताट पुढं करत नाही, अन् तिकडं एकदा नाही म्हणलं की विषय संपला. त्यामुळं तुम्ही तिकडं गेल्यावर लाजून पहिल्यांदा नाही म्हणलात तर उपाशी झोपाल, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी संभाजीनगरला सपोर्टला आहे, रात्रपाळी असते. क्लायंटला डेमोसाठी वेळ मागितला तर तो म्हणला ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ मी म्हणलं, नो रेन हिअर सर, व्हेरी हॉट. पूर्ण टीम हसली, आता रोज ढग आले की मला विचारतेत.

उत्तर : हसणाऱ्यातल्या किती जणांना माहीत होतं ते विचारा एकदा! मराठवाड्यातल्या माणसानं पाऊस अन् चेक एका दमात ऐकलं की त्याला पीकविमाच आठवणार, त्यात लाजायचं काय. हा शब्द बेसबॉलमधला. १८८० च्या दशकात तिकडं पावसानं मॅच धुतली की तिकिटाचा फाटका तुकडा जपून ठेवायचा, तो दाखवून पुढच्या एखाद्या मॅचला बसता यायचं, तो तुकडा म्हणजे रेन चेक. आता अर्थ एवढाच, की आज जमत नाही, पुढं कधीतरी. कधी मनापासून असतं, कधी नुसतं टाळणं, थोडक्यात आपल्या ‘बघू की’चा सख्खा भाऊ. ‘शुअर, नेक्स्ट वीक?’ म्हणून बघायचं, तारीख दिली तर खरं.

आपण बोलताना विकेट पडली, गुगली टाकली म्हणतो ना, तसं त्यांचं बेसबॉल. तुमच्या कामात ‘बॉलपार्क फिगर’ हमखास येईल, म्हणजे मोघम आकडा. तो मागितला की पैशापैशाचा हिशोब घेऊन बसू नका, लाखभर, दीड लाख असं ठोकून द्या. पण हे शब्द आपण होऊन साहेबासमोर फेकायची घाई नको. परभणीचा माणूस ‘काय करायलास’ म्हणला की गोड वाटतं, पण पुण्याच्या पाहुण्यानं तेच मुद्दाम म्हणलं तर टिंगल वाटते, तसंच आहे हे.

प्रश्न : ‘फाइव्ह ग्रँड’ म्हणजे किती? (हिंगोली)

उत्तर : पाच हजार डॉलर. आपली पेटी अन् खोका असतो तसंच. एक डॉलर म्हणजे ‘बक’. बक म्हणजे नर हरीण, अठराव्या शतकात तिकडं हरणाच्या कातड्यावर देवघेव चालायची, तिथून आलेला शब्द मानतात.

प्रश्न : मुलगी अमेरिकेला शिकायला चाललीय, एखादा शब्द टाळायला सांगायचा असेल तर कोणता? (अंबाजोगाई)

उत्तर : ताई, खोडरबराला ‘रबर’ म्हणू नको म्हणावं, ‘इरेझर’ म्हण. तिकडं बोलण्यात रबर म्हणजे निरोध. भर वर्गात शेजारच्या पोराला मागितलं तर काय होईल ते मी लिहीत नाही.

प्रश्न : आमचे सर म्हणतेत ‘ओके’ हा खरा शब्दच नाही. (उदगीर)

उत्तर : जन्म टवाळीतलाच आहे. बोस्टनच्या पेपरवाल्यांना तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायचा नाद लागलता. ‘ऑल करेक्ट’ची स्पेलिंग ओ अन् के पासून करून २३ मार्च १८३९ च्या बोस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ‘ओके’ छापून आलं. असले बाकीचे शब्द गेले, हा वाचला, कारण पुढच्याच वर्षी निवडणूक आली. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, त्यांना म्हणायचे ओल्ड किंडरहूक, झालं, कार्यकर्त्यांना आयतंच ओके मिळालं. साहेब पडले, शब्द राहिला. फक्त अर्जात लिहू नका, तिथं तुमच्या सरांचंच ऐका.