अमेरिकेत वाढलेल्या व्हिएतनामी कॉलेजकुमारांचं वजन 'अमेरिकन' झाल्यामुळे वाढतं का?

थोडंफार हो, पण सरळ गणित नाही.

१९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या फौजांच्या हाती पडल्यावर अमेरिकेत आलेल्यांची नातवंडं आज कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टर, सॅन होजेकडच्या कॉलेजांत आहेत. घरी आजीचं जेवण म्हणजे भात, 'कान्ह चुआ' नावाचं आंबट पातळ सूप, पालेभाजी, माशाच्या सॉसचे चार थेंब. कॉलेजात बर्गर, बोबा (साबुदाण्यासारख्या गोळ्या घातलेला गोड) चहा आणि जिथंतिथं गाडीनं जाणं. बदल इथे होतो. आता आजीचं जेवण म्हणजे औषध, असंही नाही हं. पांढरा भात आणि खारट सॉस तिथेही आहेच.

अभ्यासांत 'अमेरिकन होणं' मोजतात कसं, हीच मोठी मेख. बऱ्याचदा भाषा, मित्र आणि जन्म कुठला एवढंच विचारतात. पण घरी व्हिएतनामी बोलणारा पोरगा रोज पिझ्झा खाऊ शकतो, आणि फक्त इंग्रजी बोलणारी पोरगी जिममध्ये घाम गाळत असू शकते. शिवाय फाटक्या खिशाचा आणि रात्रपाळीचा परिणाम संस्कृतीच्या नावावर खपून जातो.

दुसरं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. १६५ सेंमी उंची, ६५ किलो वजन म्हणजे साधारण २३.९. अमेरिकेच्या नेहमीच्या तक्त्यात (मर्यादा २५) हा 'नॉर्मल'. पण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेघ २३लाच धरतात, कारण कमी वजनातही मधुमेह गाठतो. आपल्यालाही तीच रेघ लागू आहे बरं का. वर घरी आत्या-मावशा भेटल्या भेटल्या 'जाड झालीस' म्हणतात ते वेगळंच.