दर सहा महिन्यांनी देश बदलणारं बेट खरंच आहे का?

हो, आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या बिदासोआ नदीत, आंदाय आणि इरून या गावांच्या मधोमध, फेजंट बेट आहे. लांबी जेमतेम 200 मीटर, वस्ती नाही. 1 फेब्रुवारी ते 31 जुलै कारभार स्पेनकडे आणि उरलेले सहा महिने फ्रान्सकडे.

एवढ्याशा जागेला हा मान मिळाला तो 1659 मुळे. दोन्ही राज्यांमधलं दीर्घ युद्ध संपवणारा पिरेनीजचा तह इथेच झाला. कोणालाच दुसऱ्याच्या भूमीवर जावं लागू नये म्हणून नदीतली ही मधली जागा निवडली होती. पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाने आपली मुलगी मारिया तेरेसा हिला, चौदाव्या लुईची वधू म्हणून, इथेच फ्रान्सच्या स्वाधीन केलं. बेटाची सामाईक मालकी 1856 च्या बायोनच्या तहाने कागदावर आली, आणि पाळीपाळीने कारभाराचे नियम 1901 च्या करारात ठरले.

फक्त ‘देश बदलतो’ हे शब्दशः घेऊ नका. मालकी बाराही महिने दोघांची अविभक्त असते. बदलते ती देखरेखीची आणि कायदा राबवण्याची जबाबदारी. एरवी तिथे सामान्य माणसाला जाता येत नाही, पण काठावरून बेट नीट दिसतं.