लाल फूल सपाट का येतं? आणि लेन्सबद्दल आणखी काही प्रश्न

या वेळी फुलांच्या फोटोंबद्दल बरेच प्रश्न आलेत. त्यातले बरेचसे एकसारखे होते, म्हणून चार-पाच निवडून घेतलेत.

प्रश्न: माझ्याकडे ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं दाखवणारी) इतक्यात घेणार नाही. एक्स्टेन्शन ट्यूब घेऊ की लेन्स उलटी लावायची रिंग?

ट्यूब घ्या. ट्यूबमध्ये काच नसतेच, नुसती पोकळ नळी असते, ती लेन्सला सेन्सरपासून लांब नेते आणि त्यामुळे जवळचं फोकस होतं. हिशोब सोपा आहे, ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ. म्हणजे २५ एमएमची ट्यूब ५० वर लावली की ०.५ पट मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट) वाढतं, लेन्सचं स्वतःचं ०.१५ ते ०.२ असतंच, तेव्हा पाचेक सेंटिमीटरचं फूल ‘फुल फ्रेम’ (३६ एमएम रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात काठापासून काठापर्यंत भरतं. बदल्यात थोडा उजेड जातो आणि ट्यूब असेपर्यंत लांबचं काही फोकस होत नाही. फक्त कॉन्टॅक्टवाली ट्यूब बघून घ्या, नाहीतर अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, कॅमेऱ्यावरून बदलता येणार नाही (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान).

उलट्या लेन्सची गंमत वेगळी आहे, २८ एमएम उलटी लावली तर ५० पेक्षाही जास्त मोठं दिसतं. पण आजकालच्या बऱ्याच लेन्सना अपर्चरची रिंगच नसते, मग अपर्चर बहुतेक वेळा उघडंच राहतं आणि एखादा पुंकेसर सोडून सगळं धूसर. शिवाय लेन्सची मागची बाजू फुलाच्या तोंडाशी उघडी, परागकण चिकटतात. रिंगवाली जुनी मॅन्युअल लेन्स पडून असेल तरच करून बघा.

प्रश्न: हेलिओस लेन्स मुद्दाम घेतली, पण फुलामागे गोल फिरणारा बोके (मागची धूसरता) येतच नाही. लेन्स खराब आहे का?

बहुतेक लेन्स ठीकच असेल, मागे काय आहे ते बघा. हेलिओस ४४-२ ही ५८ एमएम एफ २ लेन्स, सोव्हिएत काळातली, झाइसच्या युद्धाआधीच्या बायोटार डिझाइनवरून बनवलेली. कडेकडून तिरपा येणारा उजेड लेन्सच्या नळीत थोडा कापला जातो, म्हणून धूसर ठिपके कडेला गोल न राहता बदामाच्या आकाराचे होतात आणि मधल्या बिंदूभोवती रांगेत लागल्यासारखे दिसतात, भोवरा दिसतो तो यामुळे. म्हणजे आधी मागे ठिपके हवेत! पानांच्या फटींतून आकाश दिसतंय असं झाड मागे काही मीटरवर असू द्या, अपर्चर एफ २ वरच ठेवा (एफ ४ ला भोवरा जवळजवळ जातो), फूल मधोमध ठेवा आणि फार जवळ जाऊ नका. फ्रेम फुलानेच भरली तर मागचं इतकं धूसर होतं की नुसता रंगाचा लेप उरतो. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर कडा कापल्या जातात, परिणाम कमीच दिसणार.

एडिटिंगमध्ये रेडियल ब्लर टाकून हे करता येईल का असंही कुणीतरी विचारलंय. येईल, पण ओळखू येतं. खऱ्या लेन्समध्ये प्रत्येक पान आपापल्या अंतराप्रमाणे धूसर होतं, सॉफ्टवेअर सगळं एकदमच फिरवतं.

प्रश्न: लाल जास्वंदीचा फोटो काढला की पाकळ्यांवरच्या शिरा गायब, नुसता लाल डाग. एक्स्पोजर तर बरोबर दाखवतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. कॅमेरा जो पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दाखवतो तो एकूण ब्राइटनेसचा, त्यात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त असतं. लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) कधीच आलेखाच्या उजव्या भिंतीला टेकलेला असतो तरी तो बिनधास्त सगळं ठीक सांगतो. मेनूत जाऊन आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा कारण हिस्टोग्राम रॉचा (सेन्सरकडून आलेल्या कच्च्या फाइलचा) नसून स्क्रीनवरच्या जेपेगचा असतो आणि व्हिव्हिड स्टाइल लाल आणखी फुगवते. मग लालचं टोक उजवीकडे चिकटत नाही इथपर्यंत एक्स्पोजर खाली आणा, अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) सहज लागतो. आणि रॉमध्येच काढा.

एवढं करूनही घरी उघडल्यावर सपाट वाटेल, घाबरू नका. काही पाकळ्यांचा लाल इतका गडद असतो की एसआरजीबीमध्ये (नेहमीच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या रंगांच्या चौकटीत) मावतच नाही, शिरा रॉमध्ये असतात पण एक्स्पोर्ट करताना सगळे जवळचे लाल एकाच लालवर येऊन बसतात. तेव्हा सॅच्युरेशन वाढवायचा मोह आवरा, उलट एचएसएलमध्ये (एकेका रंगाचे वेगळे स्लायडर) लालचं सॅच्युरेशन थोडं खाली घ्या, ल्युमिनन्स (उजळपणा) जरासा खाली, शिरा हळूहळू वर येतात. पिवळ्या फुलांचंही हेच, तिथे लाल आणि हिरवा दोन्ही चॅनल भरतात. भर उन्हापेक्षा सावलीत किंवा ढगाळ हवेत काढलं तर निम्मं काम तिथेच होतं.

ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचं असेल तर चॅनल मिक्सरमध्ये हिरव्याचा वाटा वाढवा, लाल फुलाचा सगळा पोत तिथे लपलेला असतो. कार्ल ब्लॉसफेल्टने स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने काढलेले झाडांचे जुने फोटो शोधून बघा, रंग नाही तरी नजर हटत नाही.

प्रश्न: फूल पूर्ण शार्प हवं म्हणून एफ २२ वापरतो, तरी मऊच येतं.

डिफ्रॅक्शन, म्हणजे फार लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो. इतक्या जवळून खरं अपर्चर आणखी लहान होतं, १:१ ला (फूल सेन्सरवर खऱ्याएवढंच पडतं तेव्हा) एफ २२ म्हणजे जवळजवळ एफ ४४ सारखं. एफ ८ ला यायचं तर १:१ वर जेमतेम एक मिलिमीटर शार्प मिळतं, म्हणून लोक फोकस स्टॅकिंग (फोकस सरकवत काढलेले बरेच फोटो एकत्र जोडणं) करतात. वारा नसेल तर करा. पण मला विचाराल तर सगळं फूल शार्प करू नका, मधले पुंकेसर आणि पुढच्या एक-दोन पाकळ्यांपर्यंत फ्रेम जोडा आणि थांबा, मागच्या पाकळ्या विरघळू द्या, नाहीतर प्लास्टिकचं फूल वाटतं.

प्रश्न: एडिटिंगमध्ये क्लॅरिटी (बारकावे ठळक करणारा स्लायडर) किती ठेवावी?

फुलावर शून्य, किंवा उणेच. मास्क करून हवी तर फक्त पुंकेसरांवर द्या. हात चालवायचाच असेल तर मागच्या हिरव्यावर चालवा, त्याचं सॅच्युरेशन कमी करा आणि थोडं काळोखात ढकला, फूल आपोआप पुढे येतं.