इन्फ्रारेड निसर्गचित्रण : मधला डाग, लाल फोटो आणि दूरचे डोंगर

प्रश्न : कॅमेऱ्यात ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवून तो इन्फ्रारेडसाठी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लालपलीकडच्या प्रकाशासाठी, करून घेतला. एफ/५.६ ला फोटो छान येतात, पण एफ/११ च्या पुढे गेलं (म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, आणखी लहान केलं) की मधोमध फिकट गोल डाग उमटतो. बसवलेली काच सदोष आहे का?

उत्तर : काच बहुधा ठीक आहे, खोट लेन्समध्ये आहे. या डागाला हॉटस्पॉट म्हणतात. लेन्सच्या काचांवरचे लेप दृश्य प्रकाशाचं परावर्तन रोखण्यासाठी दिलेले असतात, इन्फ्रारेडपुढे त्यांचं फारसं चालत नाही. सेन्सरवरून उलटलेला प्रकाश मागच्या काचांवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. लेन्सच्या नळीतला काळा रंगसुद्धा आपल्या डोळ्यांना काळा. इन्फ्रारेडमध्ये तो उजळ असू शकतो. ॲपर्चर मोठं असताना ही चमक फ्रेमभर पसरते आणि जाणवत नाही. ते लहान करत गेलं की चमक मध्याकडे गोळा होते, डागाची कड ठळक होते.

कॅमेरा परत पाठवण्याआधी ही चाचणी कराच. सारखं ऊन पडलेली कोरी भिंत फ्रेमभर घ्या. सगळ्यात मोठ्या ॲपर्चरपासून एफ/१६ पर्यंत एकेक स्टॉप (दर वेळी निम्मा प्रकाश) उतरत फोटो काढा. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्यावर. फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट भरपूर चढवा, म्हणजे पुसटसा डागही लपणार नाही. मग दुसरी लेन्स लावून हेच पुन्हा. तिच्यात डाग नसेल तर कॅमेरा निर्दोष. लेन्स महाग आहे म्हणून ती यातून सुटेल असं मात्र समजू नका.

खरं तर इन्फ्रारेडमध्ये एफ/८ च्या पुढे जाण्यात तसाही तोटाच आहे. तरंगलांबी जास्त, म्हणून विवर्तनही (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) जास्त. ८०० नॅनोमीटरला एफ/८ वर जेवढी धूसरता येते, तेवढी हिरव्या प्रकाशात एफ/११ च्याही किंचित पुढे येते. जवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही रेखीव हवे असतील, तर वेगवेगळ्या फोकसचे दोन-तीन फोटो काढून जोडा. डाग पडलेला एखादा फोटो वाचवायचाच असेल, तर मध्यावर गोल मास्क टाकून अर्धा ते एक स्टॉप एक्स्पोजर उतरवा. कृष्णधवलमध्ये हे जमून जातं. रंगीत फोटोत डागाला स्वतःची छटा असते, ती सहजी जात नाही.

प्रश्न : कॅमेऱ्यावर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) जमतो, पण रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला फोटो, संगणकावर लाइटरूम या संपादन प्रोग्रॅममध्ये उघडली की सगळं लालभडक. आकाश निळं कसं करायचं?

उत्तर : लाइटरूममधली व्हाइट बॅलन्सची तापमानाची पट्टी २००० केल्विनला थांबते आणि इन्फ्रारेडला त्याच्याही खाली जावं लागतं. अडचण एवढीच आहे. ॲडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये तुमच्याच कॅमेऱ्याची एक डीएनजी (ॲडोबीचा रॉ प्रकार) फाइल उघडा, कलर मॅट्रिक्सच्या पानावर तापमान उणे १०० करा, प्रोफाइल निर्यात करा आणि लाइटरूम पुन्हा सुरू करून ते निवडा. आता व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर उन्हातल्या हिरव्या पानांवर टेकवा. पानं पांढरट होतील, आकाश गंजासारखं तांबूस. मग आकाश निळं करण्यासाठी फोटोशॉपच्या चॅनल मिक्सरमध्ये लाल-निळ्याची अदलाबदल करा: लाल चॅनलला लाल ०, निळा १००. निळ्या चॅनलला लाल १००, निळा ०. हिरव्याला हात लावू नका. फाइल १६ बिटचीच ठेवा, नाहीतर आकाशात पट्टे पडतात.

फोटो काढतानाच लाल चॅनलचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहत चला. उन्हातली पानं तिथेच सगळ्यात आधी जळतात, म्हणजे जास्त उजेडाने तपशील गमावतात, आणि एकत्रित हिस्टोग्राम तेव्हाही निर्धास्त दिसत असतो. डीएसएलआर असेल तर प्रकाशाचं मोजमाप आणि फोकस दोन्ही लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहून) करा. व्ह्यूफाइंडरमागची यंत्रणा दृश्य प्रकाशावर बेतलेली असते.

प्रश्न : इन्फ्रारेडमध्ये दूरचे डोंगर स्वच्छ दिसतात असं वाचलं होतं. धुक्यात मात्र काहीच फरक पडला नाही. असं का?

उत्तर : धूसर हवा आणि धुकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेचे रेणू आणि अतिसूक्ष्म कण लहान तरंगलांबीचा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात. रेणूंच्या बाबतीत हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये निळसर पडदा विरतो, आकाश गडद होतं आणि डोंगरावरच्या घळी उठून दिसतात. धुक्याचे थेंब या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. ते निळा, लाल, इन्फ्रारेड सगळ्यांना सारखंच विखुरतात. धुकं ओसरून ऊन पडू द्या. भर दुपारचं जे ऊन एरवी आपण टाळतो, ते इथे उत्तम: पानांच्या आतली पेशींची आणि हवेच्या पोकळ्यांची रचना इन्फ्रारेड जोरात परतवते आणि झाडं अक्षरशः उजळतात.

प्रश्न : सेन्सरवरचा फिल्टर घरी बदलता येईल का?

उत्तर : सल्ला नाही असाच आहे. बॅटरी काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. शिवाय नवी काच मूळ काचेइतक्याच प्रकाशीय जाडीची नसेल तर फोकस सरकतो. काचेखाली अडकलेला धुळीचा एक कणही प्रत्येक फोटोत उमटत राहतो.