आर : फंक्शनमध्ये बदललेली किंमत बाहेर जुनीच का राहते?

तुम्ही विचारलंय की आर (R) या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत गुण या व्हेरिएबलमध्ये 40, 50, 60 होते, प्रत्येकातून सरासरी वजा करणारं 'केंद्रित' नावाचं फंक्शन चालवलं, पडद्यावर -10, 0, 10 आलं. मग गुण पुन्हा पाहिले तर 40, 50, 60 जसेच्या तसे. तुमचं फंक्शन बरोबर आहे. आरमध्ये असंच व्हायला हवं.

फंक्शन कॉल केलं की आर त्या कॉलपुरती एक कोरी जागा तयार करतो. आत <- वापरून ज्या नावाला किंमत द्याल, ते नाव त्या जागेतच राहतं. आतलं गुण आणि बाहेरचं गुण, नाव एकच पण व्हेरिएबल दोन. काम संपल्यावर हातात येते ती फक्त परत केलेली किंमत. रिटर्न लिहिलं नसेल तर शेवटी काढलेलं उत्तर. तुम्ही ते कुठे साठवलं नाहीत, म्हणून ते दिसलं आणि गेलं. गुण <- केंद्रित(गुण) असं लिहा.

(फॉर लूपला अशी वेगळी जागा नसते. लूपमध्ये बदललेलं बदललेलंच राहतं, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो.)

पण मला जास्त काळजी वाटते ती उलट्या बाजूची. आतलं नाव बाहेरून दिसत नाही, मात्र बाहेरचं आतून दिसतं. एखादं नाव आत सापडलं नाही तर आर, फंक्शन जिथे लिहिलं गेलं त्या जागेत ते शोधतो. कॉल कुठून केला याला महत्त्व नाही. आरचे निर्माते रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी हा नियम स्कीम या भाषेवरून घेतला.

याचा फटका मी खाल्ला आहे. स्टँडर्ड एरर (स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले एनचं वर्गमूळ) काढणाऱ्या फंक्शनमध्ये मी एन, म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांची संख्या, वापरला, पण आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे कॉल करताना कंसात, दिलाच नाही. आधीच्या कामातला एन, 100, सेशनमध्ये (आरच्या चालू सत्रात) पडून होता. नवा नमुना 25 चा, स्टँडर्ड डेव्हिएशन 15. उत्तर 3 यायला हवं होतं, आलं 1.5. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल निम्म्या रुंदीचा. अशी चूक कोणी दाखवून देत नाही.

आतून बाहेरची किंमत बदलणारा <<- हा बाण आरमध्ये आहे, पण सध्या त्याच्या वाटेला जाऊ नका. तो वापरला की कोणत्या ओळीने काय बदललं हे शोधत बसावं लागतं.

त्यापेक्षा फंक्शन लिहून झालं की सेशन नव्याने सुरू करा, फक्त त्याची व्याख्या चालवा आणि आकडे थेट कंसात देऊन कॉल करा. एखादं ऑब्जेक्ट सापडत नाही असा एरर आला, तर त्यात जे नाव दिसेल ते आर्ग्युमेंटमध्ये घाला किंवा आतच मोजा. माझ्या बाबतीत एन फंक्शनच्या आत लेंग्थने (आकडे किती हे सांगणाऱ्या आरच्या फंक्शनने) मोजणं एवढंच पुरेसं होतं.