खर्ज म्हणजे खरखर नव्हे

ऐरोलीच्या एका मित्राचा प्रश्न आलाय. तो हल्ली डार्क अँबियंट (ताल-चालीपेक्षा नुसतं गडद वातावरण उभं करणारं संगीत), इंडस्ट्रियल (यंत्रं-लोखंडाच्या आवाजांचं कर्कश संगीत), एक्सपेरिमेंटल असले अल्बम शोधून शोधून ऐकतो आणि त्यावर मराठीत लिहितो. तर त्यातला जो खालच्या पट्टीत मिनिटंच्या मिनिटं घुमत राहणारा आवाज असतो त्याला 'खर्ज' म्हटलेलं चालेल का, की खर्ज म्हणजे खरखरीत आवाज? आणि जाता जाता, अँबियंटला मराठी शब्द काय?

अरे नाही रे बाबा! खर्जाचा आणि खरखरीचा काडीचाही संबंध नाही. ठाण्यात गाण्याच्या कार्यक्रमांना जातो तिथे हे सतत कानावर पडतं, गायकाचा घसा बसलेला असतो आणि निवेदक "त्यांचा तो खर्जातला खरखरीत आवाज" म्हणून टाळ्या घेऊन मोकळा. खर्ज म्हणजे मंद्र सप्तकातला, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, सैल अर्थाने एकूणच खालचा आवाज. तो अगदी स्वच्छही असतो. पहाटे उठून खर्ज भरतात ते काय घसा खरवडून घ्यायला? तंबोऱ्याची शेवटची जाड तार खर्जाची, ती खरखरायला लागली तर जवारी (तारेखालच्या घोडीचा घासून केलेला पृष्ठभाग) बिघडली म्हणतात, खर्ज छान लागला असं कोणी म्हणत नाही.

आता खरी गंमत. खर्ज म्हणजे षड्जच, सात सुरांतला पहिला, आपला 'सा'. षड्ज, खडज, खरज, खर्ज. 'ष'चा 'ख' करायची उत्तरेकडे जुनी खोड, वर्षाची बरखा झाली, भाषेची भाखा झाली. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे लोक तर पुरुषसूक्तात 'सहस्रशीर्षा'चं 'सहस्रशीर्खा' म्हणतात, आणि ते चुकून नाही, परंपरेने. आपल्याकडे विषाचं विख झालं, त्यातूनच विखार आणि विखारी. आणि पाषंडाचं पाखंड! म्हणजे खर्ज, विखार आणि पाखंड एकाच वाटेने आलेत. माझं मत असं की पाखंड आणि विख हे पोथ्या-कीर्तनांतून मुरले, खर्ज मात्र गवयांच्या तोंडून आला असावा, कारण शास्त्र लिहिणारा आजही षड्जच लिहितो आणि तंबोरा लावणारा खर्ज म्हणतो.

काही विद्वान 'खर' म्हणजे गाढव इथून सुरुवात करतात. त्यांना साष्टांग नमस्कार. परंपरेने षड्ज मोराच्या आवाजाला दिलाय, गाढवाच्या नाही. दुसरे म्हणतात की बाकीच्या सहा सुरांना जन्म देतो म्हणून षड्ज. ऐकायला झकास, पण समास तसा सुटत नाही, पंकज म्हणजे चिखलाला जन्म देणारा का? षड्ज म्हणजे सहांपासून जन्मलेला, नाक, कंठ, छाती, टाळू, जीभ, दात या सहा जागांपासून, जुन्या श्लोकात ही यादी सरळ दिलेली आहे पण क्लासवाल्या गाईडांना श्लोक उघडायचा कंटाळा.

हां, अल्बम. लस्टमॉर्ड या संगीतकाराचा १९९० चा 'हेरेसी' तू ऐकलाच असशील, डार्क अँबियंट म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत तो येतोच. गुहा, खाणी, तळघरातल्या दफनभूमी असल्या जागी केलेली ध्वनिमुद्रणं त्यात वापरलीत. आणि हेरेसी म्हणजे काय? पाखंड! पाखंड नावाच्या अल्बमला खर्ज हा शब्द लावायचा, दोघांत तोच 'ष'चा 'ख', याहून चपखल काय हवं तुला? फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून खर्जाबद्दल लिहू नकोस, तो आवाज त्या टीचभर स्पीकरमधून निघतच नाही, हेडफोन लाव.

इंडस्ट्रियलला मात्र खर्ज सरसकट चिकटवू नकोस. ते नाव थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश बँडवाल्यांनी १९७६ मध्ये काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीवरून पडलं, त्यामुळे 'औद्योगिक संगीत' लिहिलंस तर वाचणाऱ्याला महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीतली गणपतीची आरती वाटेल. बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बँडचा १९८१ चा 'कोलॅप्स' घे, पत्रे आणि लोखंड बडवलंय त्यात. त्याला खणखणाट म्हण, दणदणाट म्हण, मराठीत आवाजाच्या शब्दांचा तुटवडा नाही. आणि तुझी ती खरखर हवीच असेल तर ती इथे वापर, इथे ती शोभते.

अँबियंटचं विचारलं होतंस ना? ते अँबियंटच राहू दे.