जुना लॅपटॉप चालूच होत नाही, दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतो. काय करू?

मदरबोर्डचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीचे, पैसे आताच देऊ नका, भाऊ. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप दहा वर्षं जुना आहे, रात्री लाइन जाऊन आली, त्यानंतर बटण दाबलं तर दिवाही लागत नाही, आणि तालुक्याच्या दुकानदाराने मशीन न उघडताच साडेसहा हजार सांगितले. यातलं 'लाइन जाऊन आली' हे सगळ्यात कामाचं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो आणि सोबत जुने लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्त करतो. येणारा माणूस एकच सांगत येतो: "काल रातपर्यंत चालू होता बापा, आज दाबतो त हूं नाही की चूं नाही." त्यातल्या बऱ्याच वेळा लॅपटॉप चांगला असतो, चार्जर गेलेला असतो. चार्जरच्या लेबलावर 'इनपुट १००-२४० व्होल्ट' छापलेलं असतं. म्हणजे हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि व्होल्टेज १६०-१७० वर उतरलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. घात होतो तो व्होल्टेज चढल्यावर. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतं. बल्ब डोळे दिपतील असा पेटतो आणि फुटतो. म्हणून आधी शेजारी विचारा, त्या रात्री कोणाचा टीव्ही, सेट टॉप बॉक्स, बल्ब गेला का? गेला असेल तर तुमच्या चार्जरवरच पहिला संशय.

मग चार्जर तपासा. भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डात आधी मोबाईल लावून पाहा. बोर्डच बंद असतो, असंही घडतं. चार्जरवर दिवा असेल तर तो लॅपटॉपला न जोडता लागतो का ते बघा. लागत नसेल तर त्याची वायर चार्जरच्या चौकोनी डब्याजवळ आणि पिनेजवळ हलवून पाहा, तिथेच ती आतून तुटते. दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो, असं असेल तर मात्र लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे किंवा चार्जर लोड घेत नाही. हे कोणतं, ते दुसऱ्या चार्जरने लगेच कळतं.

खरी परीक्षा मल्टिमीटरची. गावात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा वायरमनकडे तो असतोच. डीसीच्या दोनशेच्या रेंजवर ठेवायचा, काळी काडी पिनेच्या बाहेरच्या कड्याला, लाल आतल्या बाजूला. लेबलावर 'आउटपुट १९.५' लिहिलं असेल तर तेवढंच यायला हवं. शून्य किंवा वरखाली होत असेल तर चार्जर बदला. चार्जर फोडून आत बघू नका. त्यात ३०० व्होल्टच्या वर डीसी साठून राहतं आणि बोर्डातून काढल्यावरही झटका देतं.

दुसऱ्याचा चार्जर मागून लावताना व्होल्ट लेबलाइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. डेल आणि एचपीच्या जाड पिनेत मधे एक बारीक सुई असते. ती चार्जरची ओळख सांगते. ती वाकली तर डेल चालू होतो पण बॅटरी चार्ज करायला नकार देतो, आणि लोक उगाच नवी बॅटरी घेतात.

चार्जर चांगला निघाला तर लॅपटॉपकडे या. जुन्या मॉडेलची बॅटरी खालून खटके सरकवून निघते. ती काढा, चार्जरही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत अडकलेला चार्ज निघून जातो. मग बॅटरी न लावता फक्त चार्जरवर सुरू करून बघा. इतका साधा उपाय आहे, तरी दुकानदार यालाच 'सर्व्हिसिंग' म्हणून पैसे घेतात. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत लावूच नका. उन्हाळ्यात टिनाखालच्या खोलीत राहिलेल्या बॅटऱ्या फुगू शकतात. दाबायची नाही, टोचायची नाही, चुलीजवळ तर नाहीच.

दिवा लागला, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला, तर कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरपी धरा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेलाय. कॅप्स लॉकही मुका असेल तर रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर, संशय. बॅटरी आणि चार्जर काढून खालचं झाकण उघडा, रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलका फिरवा, चुरा झटका आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. आपल्याकडे धूळ आणि वेचणीच्या दिवसांतली रुई आत इतकी जाते की या एका कामाने पुष्कळ मशीन उठतात. आतला घड्याळाचा सेल बदला, असं कोणी सांगेल. तो गेला की तारीख चुकते, मशीन सहसा बंद पडत नाही.

एवढं करूनही काही नाही, तर मग बिघाड आत आहे: चार्जिंगचा जॅक सैल असेल, बटणाची पट्टी असेल, किंवा खरंच बोर्डावरचा पॉवरचा भाग. जॅक बदलायला मदरबोर्ड बदलावा लागत नाही. बोर्डाचंच असेल तर पूर्ण बोर्ड बदलणाऱ्याऐवजी चिप बदलणारा कारागीर शोधा. यवतमाळ, अमरावतीला मिळतो, नागपूरला सीताबर्डीत तर नक्कीच. त्याला एकच विचारा, "व्होल्टेज कुठपर्यंत येतं आणि कुठे अडतं?" उत्तर देता आलं तर त्याने मीटर लावलाय. दहा वर्षांच्या मशीनवर साडेसहा हजार मी तरी घालणार नाही.

आणि आतली जमिनीची कागदपत्रं, फोटो गेले असं समजू नका. हार्ड डिस्क दोन-चार स्क्रूंवर असते. ती काढून यूएसबी केसमध्ये घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते. केस तीन-चारशे रुपयांत मिळते. दुकानात लॅपटॉप टाकायचाच असेल तर डिस्क आधी काढून घरी ठेवा.

चार्जरच्या लेबलावरचे व्होल्ट-अँपिअर आणि पिन घातल्यावर दिवा विझतो की राहतो, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.